तासगांवचा बेवड

सांगलीहून तासगांव फार दूर नाहीं. माधवनगर, बुधगांव, कवलापूर, कवठे एकंद अशीं गांवें मागें टाकीत एस. टी.ची गाडी तासाभरांत तेथें पोंचते. श्रीगणपतीच्या देवळाचें सात मजली गोपुर दुरूनच दिसूं लागतें व गाडींतील भाविक मंडळी बसल्या जागीं हात जोडतात. कर्नाटकाच्या स्वाऱ्यांत दक्षिणेकडील देवालयें पाहिलेल्या परशुरामभाऊ पटवर्धनांनीं १७७९ सालीं या देवालयाचें काम आरंभिलें आणि तें पुरें होईतों १७९९ साल उजाडलें. मूर्ति उजव्या सोंडेची आहे. भाद्रपदांत ऋषिपंचमीस येथें रथ निघतो व तो ओढण्यास सारा तालुका लोटतो. हें सर्व पुष्कळांस ठाऊक आहे, आणि ज्यांस ठाऊक नसेल त्यांनीं एकवार जाऊन पाहावें. प्रस्तुत लेखाचा विषय मात्र तें गोपुर नसून त्याच्या सभोंवारचीं शेतें हा आहे. आणि त्या शेतांत ज्याचा अर्थ मला नीट उमगला, तो 'बेवड' हा एक लहानसा शब्द आहे.

जुन्या लोकांच्या बोलण्यांत तासगांव अद्याप साताऱ्याकडचेंच आहे. १९४९ सालीं दक्षिण सातारा हा निराळा जिल्हा झाला व त्यासच १९६० पासून सांगली जिल्हा म्हणूं लागले. हा प्रदेश पर्जन्यछायेचा. सह्याद्रीच्या माथ्यावर जो पाऊस मोजतां मोजतां माणूस थकतो, तोच पूर्वेकडे येतां येतां स्वतः थकून जातो. तालुक्याच्या पश्चिमेस येरळेच्या खोऱ्यांत काळी, खोल जमीन आहे. पूर्वेस सावळजच्या बाजूला अग्रणी नदीचें पात्र व त्याच्या दोहों अंगांस मुरमाड माळ. हलक्या रानांत पावसाळी बाजरी आणि तिच्याबरोबर मटकी, हुलगा, मूग, तूर. भारी काळ्या रानांत उत्तरा-हस्ताच्या पावसावर शाळू, हरभरा व करडई, अशी येथील पूर्वापार वहिवाट. काळी जमीन तें परतीचें पाणी पोटांत धरून ठेविते, आणि पुढें आकाशांतून एक थेंब न आला तरी तेवढ्या ओलीवर रब्बीचें पीक माघ-फाल्गुनापर्यंत उभें राहतें.

आज रस्त्यावरून जातांना मात्र हें चित्र सहसा दृष्टीस पडत नाहीं. दिसतात त्या द्राक्षांच्या बागा. 'थॉम्सन सीडलेस' या वाणांतून येथें निवडलेल्या द्राक्षास 'तास-ए-गणेश' असें नांव पडलें, त्यांत गांव व दैवत दोन्ही आलीं. बेदाण्याच्या सौद्यांसाठीं तासगांवची पेठ देशभर प्रसिद्ध असून सांगलीच्या बेदाण्यास भौगोलिक मानांकनहि मिळालें आहे. कृष्णेचें पाणी ताकारी व म्हैसाळ येथून उपसून दुष्काळी भागाकडे वळविण्यांत आलें, आणि जेथें पाणी पोंचलें तेथें कोरडवाहू पिकें मागें हटलीं. ज्या मुलखानें १९७२ चा दुष्काळ सोसला, त्यानें द्राक्षाच्या पैशानें घरें बांधलीं, मुलांस शिकविलें, यांत वाईट वाटण्यासारखें कांहीं नाहीं.

गेल्या माघी चतुर्थीस देवदर्शन आटोपून मी तालुक्याच्या पूर्वभागांतील माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या मळ्यावर दोन दिवस राहिलों. घर एकत्र कुटुंबाचें. वडील, ज्यांस सारें गांव आबा म्हणतें, ते ऐंशीच्या घरांत. त्यांचे दोन मुलगे, सुना, नातवंडें. चार एकर द्राक्षबाग, आणि ओढ्याच्या कडेला दोन एकरांची एक काळीभोर पट्टी. त्या पट्टीच्या एका अंगास शाळू कणसांवर आलेला, दुसऱ्या अंगास हरभरा घाट्यांनीं लगडलेला, बांधाच्या बाजूनें करडईच्या चार काटेरी ओळी पिवळ्या-नारिंगी फुलांवर. आजूबाजूच्या तारा व मांडव यांच्यामध्यें तें शेत एखाद्या जुन्या वाड्यासारखें दिसत होतें.

त्या पट्टीवरूनच घरांत वाद चालला होता. माझा विद्यार्थी व त्याचा शेतकी शाळेंत शिकून आलेला मुलगा यांचें म्हणणें असें कीं, आतां पाणी आलें आहे तर येथेंहि बाग लावावी. हरभऱ्याचें एकरीं उत्पन्न तें किती, आणि द्राक्षाचें किती! आबा ऐकत नव्हते. शेवटीं मुलगा मला म्हणाला, "गुरुजी, आपण सांगा आबांना. आपलं ते ऐकतील." आबांनीं माझ्याकडे पाहिलें, कांहीं न बोलतां हरभऱ्याचें एक रोप मुळासकट उपटलें, माती झटकली, आणि मुळांवरील लहान लहान गाठींपैकीं एक नखानें फोडून माझ्यापुढें धरली. आंतून ती गुलाबी निघाली. "गुरुजी, ह्ये बगा. ही गाठ गुलाबी हाय म्हंजे जित्ती हाय. हरभरा आपल्या पोटापुरतं वाऱ्यातनं घेतो आन् मागनं येणाऱ्या शाळूला ठेवून जातो. ह्यो बेवड हाय. द्राक्ष लावली की पंधरा वर्सं रान अडकलं. मग बेवड कुणाचा आन् कुणाला?"

एका पिकानें रान सोडल्यावर पुढील पिकासाठीं जें बरेंवाईट त्या रानांत मागें राहतें, त्यास बेवड म्हणतात. शाळूवर पुन्हा शाळू घेतला तर बेवड हलका. मुगावर, हरभऱ्यावर घेतला तर चांगला. आपण पीक पाहतों तें खळ्यावरच्या राशींत. शेतकरी तें रास उचलल्यानंतरच्या मोकळ्या रानांतहि पाहतो. एवढी मोठी गोष्ट एका शब्दांत सांठविणारी भाषा आपली आहे, आणि तो शब्द आपल्या पाठ्यपुस्तकांत क्वचितच आढळतो, हें नवल होय.

संस्कृताच्या अभ्यासकास या प्रसंगीं कांहीं जुनीं स्थळें आठवल्यावांचून राहत नाहींत. चरकसंहितेंत धान्यांचे शूकधान्य व शमीधान्य असे दोन वर्ग केले आहेत. शूक म्हणजे कुसळ. कुसळाचीं तीं गहू, जव, साळ इत्यादि. शमी म्हणजे शेंग. शेंगेंत येणारीं तीं मूग, उडीद, मसूर, कुळीथ इत्यादि. रुद्राच्या आवर्तनांत चमक म्हणतांना व्रीहि व यव यांच्या पाठोपाठ आपण माष, मुद्ग व मसूर यांचेंहि मागणें मागतों. कौटिलीय अर्थशास्त्रांत, सरकारी शेतीचा अधिकारी जो सीताध्यक्ष त्याच्या प्रकरणांत, पेरणीचे तीन हंगाम दिले आहेत: आरंभीं साळी, कोद्रव व तीळ इत्यादि, मध्यें मूग, उडीद, आणि शेवटीं कुसुंभ म्हणजे करडई, मसूर, कुळीथ, जव, गहू, वाटाणा, जवस व मोहरी. हा शेवटचा हप्ता वाचीत असतां ओढ्याकांठची ती पट्टीच डोळ्यांपुढें येते: एक कुसळाचें धान्य, एक शेंगेचें, एक तेलाचें. मात्र त्याच रानांत एकामागून एक हीं पिकें कां घ्यावींत, याचें कारण कौटिल्य त्या ठिकाणीं सांगत नाहीं. तें शेतकऱ्याच्या अनुभवांतच राहिलें.

तें कारण शास्त्रास सांपडण्यास १८८८ साल उजाडावें लागलें. हेलरीगेल व विलफार्थ या दोन जर्मन संशोधकांनीं असें सिद्ध केलें कीं, शेंगवर्गीय पिकांच्या मुळांवरील गाठींत राहणारे सूक्ष्म जंतु हवेंतील नत्रवायु झाडास उपयोगी पडेल अशा रूपांत आणितात. आणि त्याच वर्षीं बायेरिंक या डच शास्त्रज्ञानें ते जंतु निराळे करून दाखविले. हवेचे सुमारे ७८ टक्के नत्रवायुच आहे. एका एकरावर जो हवेचा स्तंभ उभा असतो त्यांत तो हजारों टन भरेल. पण गहूं वा शाळू यांस त्यांतील कणहि परस्पर घेतां येत नाहीं. भरल्या विहिरीच्या कांठीं दोरावांचून बसलेल्या माणसाप्रमाणें त्यांची स्थिति. शेंगेच्या झाडानें या जंतूंस मुळांशीं घर द्यावें, आपल्या पानांत तयार झालेली साखर खाऊं घालावी, आणि त्यांनीं बदल्यांत नत्र द्यावें, असा हा व्यवहार आहे. आबांनीं दाखविलेली गुलाबी छटा आपल्या रक्तांतील रंगद्रव्यासारख्याच एका द्रव्याची असते. गाठ आंतून पांढरट किंवा हिरवट निघाली तर तिचें काम चाललेलें नाहीं किंवा संपलें आहे असें समजावें.

हरभऱ्याची दुसरीहि एक करामत आहे. त्याच्या पानांवर जी आंबट आंब सुटते, ती जुन्या गृहिणींस परिचयाची आहे. रात्रीं पिकावर धुतलेलें वस्त्र पसरून पहांटे पिळून घेत व पोटदुखीवर देत. तशींच आम्लें हा हरभरा मुळांतूनहि सोडतो, व मातीस घट्ट चिकटून बसलेला स्फुरद त्यांमुळें मोकळा होतो. शिवाय पीक बदललें कीं रोगहि बदलतात. जोंधळ्याच्या मुळांवर पोसणारा टारफुला नांवाचा परोपजीवी अंकुर प्रसिद्धच आहे. त्याचें बीं वर्षानुवर्षें मातींत दबा धरून असतें. चवळी, भुईमूग यांसारख्या पिकांच्या मुळांपाशीं तें फसून उगवतें, परंतु तेथें त्यास आधार मिळत नाहीं व मरून जातें. उलट हरभऱ्यावर हरभरा घेत गेलें तर मर रोग रानांत मुक्काम ठोकतो. म्हणजे शेंगेच्या पिकासहि कुसळाच्या पिकाचा बेवड लागतोच. उपकार दोहोंकडून आहेत.

येथें एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. केवळ हरभरा पेरला म्हणजे जमीन श्रीमंत झाली असें नव्हे. झाडानें मिळविलेल्या नत्राचा मोठा भाग दाण्यांत जातो, व दाणा बाजारांत जातो. रोप मुळासकट उपटून नेलें, भुसकट जाळलें किंवा विकलें, तर रानांत उरणार काय? आबा हरभरा विळ्यानें कापतात, मूळ जमिनींतच ठेवितात, आणि भुसकट गोठ्यांत जाऊन शेणखताच्या रूपानें त्याच पट्टींत परत येतें. तूर आपली पानें आपणच गाळून देते, म्हणून तिचा बेवड विशेष. पेरणीपूर्वीं गुळाच्या पाण्यांत कालवून जिवाणूंची भुकटी बियाण्यास चोळावी, दहा ते पंधरा किलो बियाण्यास पाव किलो, असें आज शेतकी खातें सांगतें. ज्या रानांत पुष्कळ वर्षें हरभरा नव्हता तेथें याचा विशेष उपयोग होतो.

ही विद्या केवळ आपलीच असें मानण्याचेंहि कारण नाहीं. इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील रोमन ग्रंथकार कोलुमेला यानें शेंगवर्गीय पिकांनीं जमीन सुधारते असें लिहून ठेविलें आहे. अठराव्या शतकांत इंग्लंडच्या नॉरफोक परगण्यांत गहूं, सलगम, जव व क्लोव्हर नांवाचें शेंगवर्गीय गवत अशी चार वर्षांची फेरपालट रूढ झाली. १८८९ सालीं डॉ. व्होल्कर हे शेतकीतज्ज्ञ हिंदुस्थानची शेती पाहण्यास आले. येथील रयतेस पिकांची फेरपालट कळत नाहीं हा समज त्यांनीं १८९३ च्या आपल्या अहवालांत खोडून काढला व मिश्र पिकांच्या पद्धतीची वाखाणणी केली. आज कॅनडा व ऑस्ट्रेलिया येथील विस्तीर्ण शेतांत गहूं, कॅनोला व मसूर, वाटाणा किंवा हरभरा अशी पाळी चालते. कॅनोला म्हणजे आपल्या मोहरीचीच भावंड. कडू व अपायकारक द्रव्यें कमी केलेला तो वाण कॅनडांत तयार झाला, व देशाच्या नांवावरूनच त्यास नांव पडलें. कुसळ, शेंग व तेल ही तीच त्रयी. शाळूच्या जागीं गहूं, करडईच्या जागीं कॅनोला एवढाच भेद. आणि गंमत अशी कीं, जगांत सर्वांत अधिक डाळी पिकविणारा व खाणारा आपला देशच त्यांची सर्वांत अधिक आयातहि करितो, व परदेशच्या त्या फेरपालटींतला मसूर आणि वाटाणा आपल्या पेठांत येतो.

वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं एके काळीं जमिनी होत्या. १९४८ चा कुळकायदा व १ एप्रिल १९५७ चा कृषकदिन यांनंतर त्या कसणारांच्या झाल्या, आणि कसणारास मिळाल्या हें योग्यच झालें. पण जमिनीबरोबर तिची ओळखहि आपल्या घरांतून गेली. राहिले ते सण. संक्रांतीच्या सुगडांत गव्हाची ओंबी व हरभऱ्याचा घाटा आपण शेजारीं शेजारीं घालतों, कारण त्या वेळीं रानांत तीं शेजारीं शेजारींच उभीं असतात. होळीस पुरण शिजतें तेव्हां नवा हरभरा खळ्यावर आलेला असतो. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवास भिजवलेल्या हरभऱ्यांनीं ओटी भरितात व वाटली डाळ देतात ती याच सुगीची. ग्रहशांतींत मांडावयाचीं नऊ धान्यें मोजून पाहावींत: गहूं, तांदूळ, तूर, मूग, हरभरा, पावटे, तीळ, उडीद, कुळीथ. नवांपैकीं सहा शेंगेचीं! आणि पानांतहि तेंच. तृणधान्याच्या प्रथिनांत जें लायसिन नांवाचें द्रव्य कमी पडतें तें डाळींत भरपूर असतें, व डाळींत जें कमी तें धान्यांत असतें. म्हणून वरण-भात, भाकरी-पिठलें व खिचडी हीं पूर्णान्नें होत. जीं दोन पिकें शेतांत एकामागून एक येतात, तींच पानांत एकमेकांशेजारीं येऊन बसतात.

आतां त्या घरच्या वादाकडे वळूं. नातवाचें म्हणणें अगदींच खोटें नव्हतें. द्राक्षावर कुटुंब वर आलें होतें. पण २०१९ च्या आश्विन-कार्तिकांत अवकाळी पावसानें जिल्ह्यांतील बागांचें अतोनात नुकसान केलें तें त्यासहि ठाऊक होतें. औषधें, खतें व मजुरी यांचा खर्च पीक येवो न येवो होतोच, आणि त्या वर्षीं घरांत दाणा होता तो याच पट्टीचा. मीं निर्णय दिला नाहीं. तो माझा अधिकार नव्हे. एक सुचविलें. आबांस त्या दोन एकरांत कोणत्या सालीं काय पेरलें, मागून काय घेतलें व किती झालें, तें मुखोद्गत आहे; तें नातवानें एका वहींत उतरून घ्यावें. संध्याकाळीं ओट्यावर आजा सांगूं लागला व नातू लिहूं लागला. तीस-बत्तीस वर्षांचा हिशेब निघाला. ज्या सालीं शाळूवर शाळू घ्यावा लागला, त्या सालचीं पोतीं कमी. ज्या सालीं मूग किंवा हरभरा मागें होता, तेव्हां तेवढ्याच पावसांत अधिक. दोनदां लागोपाठ हरभरा झाला, तेव्हां दुसऱ्या वर्षीं निम्मा मरून गेला. लिहितां लिहितां नातवाचें बोलणें कमी होत गेलें व प्रश्न वाढत गेले.

शेवटीं तडजोड ठरली. एका एकरांत बाग व्हावयाची. दुसरा एकर आबांच्या रीतीनें चालावयाचा. जुन्या बागेंतहि वेलींच्या ओळींमध्यें पावसाळ्यांत ताग पेरून फुलावर येतांच तो गाडावयाचा, हें नातवानें स्वतः सुचविलें. तागहि शेंगेचाच. ओढ्याकांठचें अर्धें रान गेलें याचें आबांस वाईट वाटलें नाहीं असें म्हणवत नाहीं. पण वही त्यांनीं जपून देवघराच्या फडताळांत ठेवविली.

ज्यांच्या कुटुंबांत अद्याप शेती आहे, त्यांनीं असा एखादा म्हातारा घरांत असेल तर त्याच्याकडून हें लिहवून घेण्यास उशीर करूं नये. शेतकी पुस्तकांत सर्व शेतांचें सामान्य ज्ञान मिळतें, आपल्या शेताचें मिळत नाहीं. सोयाबीनवर हरभरा व हरभऱ्यावर सोयाबीन अशी नवी रीत पडली आहे. दोन्ही शेंगेचीं, त्यांत कुसळाच्या धान्यास जागाच नाहीं, याचाहि विचार करावा. ज्यांच्याकडे जमीन नाहीं, त्यांनीं निदान पानांत नुसती तूरडाळ न वाढतां मटकी, हुलगा, चवळी यांस फिरून स्थान द्यावें. मागणी असेल तर तीं रानांत राहतील. आणि पुढील संक्रांतीच्या सुमारास मुलांस घेऊन एखाद्या ओळखीच्या शेतावर जावें. शेतकऱ्यास विचारून हरभऱ्याचें एक रोप उपटावें, एक गाठ फोडून आंतला रंग दाखवावा, आणि त्यास काय म्हणतात तें त्या शेतकऱ्याच्याच तोंडून मुलांस ऐकूं द्यावें.